रबर झिजलंय

विनीतदाचा फोन घ्यायला मुकुलने नाचणे गावच्या रस्त्यावर, विनीतदाच्याच बंगल्याच्या वळणाशी, स्कूटर कडेला घेतली, बंद केली, "हो, पाच मिनिटांत पोचतो" एवढं बोलून फोन खिशात टाकला, आणि त्या शांततेत डोक्यावरच्या विजेच्या डीपीची घरघर त्याच्या कानात शिरली. घरघर नवी नव्हती. पावसाळ्याच्या आधीपासून तो ह्याच रस्त्याने येत-जात होता. डीपी तेव्हाही तिथेच होती, करंजाच्या फांदीखाली, गंजलेल्या जाळीच्या आत, आपल्याशीच घुमत. पण आज ती त्याला खालच्या सुरात वाटली. खालच्या म्हणजे कशाच्या खालच्या, असं त्याने स्वतःला विचारलं आणि उत्तर लगेच आलं. पेपर देऊन बाहेर पडल्यावर जिना उतरताना आपण गणितात उणे चिन्ह खाल्लं हे एकदम दिसावं तसं. त्याच्या डोक्यात दुसरी एक घरघर होती. अर्धा पावसाळा तो तिच्या मागे लागला होता, वायरी बदलून, अर्थिंग तपासून, शेवटी संगणकावर ती एका जुन्या ग्रामोफोन तबकडीवरच्या गाण्यातून खरडून काढून. ती ह्याच जातीची होती, ह्याच पोताची. फक्त अर्ध्या स्वराने वर.

"काय ऐकताव ओ मास्तर?" करंजाखाली पडवळं आणि कुळथाची पुरचुंडी मांडून बसलेली हौसा म्हणाली. "फुटनार हाय काय ती?"

"नाही नाही. आवाज बघतोय."

"आवाज बगत्यात कंदी?" ती हसली. "आमचा दिसभर ह्येच भजन."

त्याने फोन काढून जाळीच्या दिशेने धरला. पडद्यावर हिरवी रेघ थरथरली आणि सेकंदाला शंभर कंपनांवर खिळली. मग त्याने श्रावणात साठवलेला आलेख उघडला. तिथे रेघ एकशे सहावर होती. हा एकशे सहा त्याने तेव्हाही पाहिला होता; पाहून त्याला नाव दिलं होतं, 'मोटरची घरघर', आणि पुढे गेला होता. नाव दिलं की गोष्ट कळल्यासारखी वाटते. विजेच्या प्रवाहाची घरघर गावागणिक बदलत नाही. ती इथे जी, तीच गिरगावात, आज जी, तीच सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी. विनीतदाच्या उमाआत्याची ती तबकडी गिरगावात कोरताना जी घरघर तिच्यात उतरली ती शंभराची असणार. ती जर एकशे सहा ऐकू येत असेल तर घरघर चुकलेली नाही, तबकडी जोरात फिरते आहे. म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हा तिचा वेग नव्हेच. त्र्याहत्तर, साडेत्र्याहत्तर. म्हणजे आत्याचा जुना प्लेअर बरोबर होता. म्हणजे उमाआत्या बरोबर होती. म्हणजे आपण. इथे त्याचं वाक्य थांबलं.  हौसा त्याच्याकडे बघत होती आणि त्याला उगाच वाटलं, हिलाही कळलं.

तो लगेच निघाला नाही. पाच मिनिटांत पोचतो म्हणून सांगितलं होतं, बंगला समोर दिसत होता, फाटकाशी दोन गाड्या लागलेल्या होत्या. आज 'निकाल' होता. विनीतदाच्या हापूसच्या बागा होत्या, माल आखातात जायचा, आणि त्याला एकच शौक होता, तबकड्या ऐकण्याचा. त्यासाठी त्याने बंगल्याच्या मागे वेगळी खोली बांधली होती, आतून गिलावा न केलेल्या जांभ्या चिऱ्याची, कारण चिऱ्याच्या भोकांभोकांत आवाज विखुरतो आणि भिंत परत ओरडत नाही. त्या खोलीत काळ्या दगडाच्या लादीवर दोन टर्नटेबलं शेजारी-शेजारी बसवलेली होती. एक पट्ट्यावर चालणारं, जाडजूड पारदर्शक तबकाचं; मोटर बाजूला, मधे रेशमासारखा पट्टा. दुसऱ्याची मोटर थेट तबकाच्या पोटात, स्फटिकाच्या ठोक्याला बांधलेली, वेग केसभरही न हलणारी. विनीतदा त्यांना 'पट्टेवाली' आणि 'बिनपट्ट्याची' म्हणायचा. दोघींपैकी एकच ठेवायची, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. आणि कोणती ते ठरवायला मुकुल. मुकुलने पदव्युत्तर पदार्थविज्ञान केलं होतं, ध्वनी हा त्याचा विशेष विषय होता, कॉलेजात तासिकेवर शिकवत होता, आणि त्याच्या हाताला सुईचा कोन, वजन, सुई बसवायच्या डब्याची घट्ट-सैल बसणी हे सगळं लागलेलं होतं. पहिल्या दिवशी त्याने दोघींची सुई एकाच वजनावर आणली, दोघींचा आवाज मापून सारखा केला, कारण जरासा मोठा आवाजही कानाला सरस वाटतो आणि मग तुलना खोटी होते. विनीतदा बघतच राहिला. "तू म्हणजे काय रे, कानांचा डॉक्टरच." मुकुलला ते आवडलं होतं. नको इतकं आवडलं होतं. त्यानंतर तो त्या खोलीत बोलायला लागला: हिची पार्श्वभूमी जास्त काळी आहे, हिचा खर्ज सैल आहे, हिचा सूर लांब स्वरावर किंचित डुलतो. त्यातलं पहिलं काय होतं ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. काळी पार्श्वभूमी. आता रस्त्यावर उभा असताना त्याला ते दोन शब्द आठवले आणि त्याने मान खाली घातली, जणू ते कोणी मोठ्याने म्हणालं होतं.

उमाआत्या त्या खोलीत फारशी यायची नाही. ती विनीतदाची आत्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, ऐंशीच्या उंबरठ्यावरची. गटारीच्या आसपास एका दुपारी ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन दारात उभी राहिली. "तुमच्या त्या राण्यांवर ही चालेल का रे?" तबकडीवर कंपनीचं नाव नव्हतं. निळ्या शाईने फक्त 'सौ. द्वारका' लिहिलेलं, पुढची अक्षरं उडालेली. द्वारका म्हणजे तिची आई, विनीतदाची आजी. गिरगावात एका खोलीत, गाणारी समोर उभी असतानाच पत्र्यावरच्या काळ्या रोगणात थेट कोरलेली अशी ही एकुलती एक तबकडी. दुसरी प्रत नाही, मागची बाजू कोरी. मुकुलने ती उजेडाकडे धरली तेव्हा कडेच्या थराला बारीक भेगा दिसल्या. असल्या तबकडीतून सुई प्रत्येक वेळी थोडं खाऊन जाते, हे त्याने तिला सांगितलं. "म्हणजे ऐकलं की संपते," ती म्हणाली. "बरं आहे की. माणसांसारखं." मग तिने सांगितलं ते सगळं तो तेव्हा नीट ऐकत नव्हता, कारण तो मनात सुईची रुंदी ठरवत होता, पण कानांनी साठवून ठेवलं होतं, आणि आता करंजाखाली ते एकेक वाक्य सुटून येत होतं. आई गाणं शिकायला मुंबईला गेली. चार वर्षांच्या उमाला चिपळूणला मामाकडे ठेवून. ठेवून म्हणजे टाकून, रे. दोन पावसाळे. परत आली ती कधी बाहेर गायली नाही, पण मीही तिच्याशी धड बोलले नाही. तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. मग विनीतचा बाप जन्मला, आणि घरात बोलायला दुसरा विषय मिळाला.

तबकडी ती लाल रेक्झिनच्या पेटीतल्या जुन्या प्लेअरवर ऐकायची, वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, आणि तिच्याबरोबर गायची. हे विनीतदाने सांगितलं. "आत्याचा आवाज हा असा, घागरीतून आल्यासारखा. आणि आजीचा पण तसाच. दोघी एका पट्टीत." मुकुलने तो प्लेअर मागवला. तुलनेत तिसरा, गंमत म्हणून. कागदाची रेषारेषांची चकती तबकावर ठेवली, दिव्याखाली तबक फिरवलं. विजेचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. जुन्या प्लेअरवर रेषा मागे पळत होत्या. बिनपट्ट्याचीवर त्या उभ्या राहिल्या, खिळे ठोकल्यासारख्या. उमाआत्या चष्मा लावून वाकून बघत होती. गणिताची बाई, तिला पुरावा कळत होता. "म्हणजे आमचा हळू चालतो," ती म्हणाली. "बराच," तो म्हणाला, आणि बिनपट्ट्याचीवर तबकडी लावली. खोलीत जो आवाज आला तो बारीक होता, कोवळा, धारदार, पळणारा.  मग उमाआत्या म्हणाली, "ही कोण?" आणि मुकुलने हसून सांगितलं होतं, "ही तुमची आई. खरी." हसून. ते हसू आता त्याच्या चेहऱ्यावर परत आल्यासारखं त्याला वाटलं, हाताने पुसावंसं वाटलं. दिव्यातल्या विजेवर आपण विश्वास ठेवला. तीच वीज तबकडीच्या पोटात घरघरत होती, आपला वेग स्वतःच सांगत होती, आणि तिला आपण कचरा म्हणून खरडून टाकलं.

पण लाज ह्याची नव्हती, किंवा एवढीच नव्हती. चूक कोणाचीही होते. त्या काळच्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरच्याच असताना माणूस अठ्ठ्याहत्तरच धरणार. लाज त्यानंतरच्या एका वाक्याची होती. उमाआत्याने विचारलं होतं, "पण मग आमचा हळू का चालतो? दुसऱ्या, तेहतीस वेगाच्या तबकड्या तर नीट वाजतात त्याच्यावर." नेमका प्रश्न होता. त्याने प्लेअरचं तबक उचललं होतं. आत मोटरचा पायऱ्यापायऱ्यांचा दांडा, प्रत्येक वेगाला एक पायरी, आणि दांड्याची फिरकी तबकाच्या कडेला पोचवणारं मधलं रबरी चाक. अठ्ठ्याहत्तरच्या पायरीवर, फक्त त्याच पायरीवर, कानशीचे ओरखडे होते. पितळ घासून बारीक केलेलं, गोल गोल, धीराने. ते त्याला दिसलं होतं. आणि खोलीत विनीतदा त्याच्याकडे कौतुकाने बघत होता, उर्वी, विनीतदाची मुलगी, कॉलेजातली, फोनवर हे सगळं टिपत होती, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "रबर झिजलंय." मधलं चाक लहान झालं काय, मोठं झालं काय, वेगाला त्याचं काही नसतं, दांड्याच्या कडेचा वेग जसाच्या तसा पलीकडे जातो. हे तो दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. बोलतानाच त्याला ठाऊक होतं की हे खोटं आहे. पण रबर झिजतं हे कोणालाही पटतं. आत्यालाही पटलं, कारण सांगणारा पदार्थविज्ञानवाला होता. "अप्पा करत असत काहीतरी ह्याच्याशी," ती वडिलांबद्दल पुटपुटली होती. "आई वारली त्या वर्षी. रोज दुपारी पेटी उघडून, तबकडी लावून, थांबवून, परत लावून. हातात कानस. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला." "म्हणूनच बिघडला असेल," मुकुल म्हणाला होता, आणि विनीतदा हसला होता. पुढच्या आठवड्यात त्याने मिरजोळ्याच्या एका लेथवाल्याकडून पितळी कडं करून आणलं, त्या घासलेल्या पायरीवर ठोकून बसवलं. भेट म्हणून. आता जुना प्लेअरही अचूक अठ्ठ्याहत्तर फिरत होता.

एक माणूस, बायको गेल्यावर, दुपारच्या उन्हात बसून, तिचा आवाज तिच्यासारखा होईपर्यंत थोडं थोडं पितळ घासतो. थांबतो. ऐकतो. परत घासतो. मुकुलने स्कूटर सुरू केली.

"या शास्त्रज्ञ!" विनीतदा दारातच होता. "पाच मिनिटांचं तुझं गणित लई मोठं असतं हां." आत त्याचे दोन मित्र, दोघेही बागायतदार, खुर्च्यांत रुतून बसले होते, उर्वी जमिनीवर. उमाआत्या खिडकीजवळ, इस्त्रीचं पातळ नेसून, हात मांडीवर, कोणाच्या तरी साखरपुड्याला आल्यासारखी. ती त्याच्याकडे बघून हसली आणि त्याला तिच्याकडे बघता आलं नाही. गेले काही महिने ती बदलली होती. हे विनीतदा म्हणत होता, उर्वी म्हणत होती. आत्या आता खोलीत येऊन बसायची, तबकडी नव्हे, मुकुलने काढलेली, घरघर खरडलेली प्रत ऐकायची. बरोबर गायची मात्र नाही. "तिची पट्टी मला कुठली पोचायला," असं म्हणायची. आणि एकदा, चहा पिताना, तिने मुकुलला सांगितलं होतं, अगदी सहज, "मी तिला नेहमी मोठी बाई समजत होते. अरे, ती पोर होती. आमच्या उर्वीसारखी. काय कळणार होतं तिला? गेली गाणं शिकायला. पोरी जातात." मग उर्वीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. त्या दिवशी घरी जाताना मुकुल शीळ वाजवत गेला होता. विज्ञानाने एका म्हातारीचं भलं झालं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. नक्की तेच शब्द होते. विज्ञानाने.

आधी राण्यांची लढत झाली. सारंगीची एक जुनी तबकडी, आधी पट्टेवालीवर, मग बिनपट्ट्याचीवर. मित्र डोळे मिटून माना हलवत होते. मुकुलने खिडकी उघडली.

"अरे! बंद कर ती," विनीतदा ओरडला. "रस्त्याचा आवाज येतो सगळा. एरवी तूच पडद्याला पडदा शिवायला लावतोस."

"राहू दे आज. गरम होतंय."

वळणावरची डीपी आत आली. बारीक, सलग. सारंगीच्या मागे ती त्याला सारखी ऐकू येत होती आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दोन यंत्रांत फरक होता की नव्हता, कोण जाणे.

"बोल," विनीतदा म्हणाला. "खर्ज, पार्श्वभूमी, काय ते. आज कान घरी ठेवून आलास काय?"

"मागेच सांगितलंय की. बिनपट्ट्याची. वेग हलत नाही."

"झालं! पट्टेवाली माहेरी. आता आत्याचं."

थर सुटायला लागला होता. ही शेवटची खेप, हे मुकुलनेच सांगितलं होतं. ह्यानंतर सुई लावली तर गाण्याऐवजी पत्राच वाजेल. म्हणून आजचा दिवस, म्हणून इस्त्रीचं पातळ. उमाआत्या उठून उभी राहिली. शाळेत बोलावं तसं, हात मागे बांधून. "मी काही भाषण करत नाही. पन्नासएक वर्षं मी आईला चुकीचं ऐकलं. गणिताची बाई असून एकदा वेग तपासावा असं मला सुचलं नाही. ह्या मुलाने तपासला. त्यामुळे मला माझी आई..." ती थांबली. "लाव रे बाबा. नाहीतर मी रडेन आणि विनीत त्यावर विनोद करेल."

"करणारच," विनीतदा म्हणाला, पण त्याचा आवाज जड होता.

मुकुलने अभ्र्यातून तबकडी काढली. सांगता आलं असतं. ह्या क्षणी, उभ्याउभ्या, दोन वाक्यांत: आत्या, माझी चूक झाली, जुना प्लेअर बरोबर होता. तो तबकडीवरची धूळ फुंकत राहिला. आणि एक दुसरं मन, थंड, हिशेबी, म्हणत होतं, सांगतोस कशाला. तिला जी आई मिळाली आहे ती असू दे. सांगून हलका कोण होणार आहे, ती की तू?  पण तबकडी शेवटची वाजणार होती. प्रतीचा वेग संगणकावर कधीही, कोणीही खाली आणू शकतं. ह्या तबकडीची मात्र आता एकच खेप उरली होती, आणि तीही खोटी जायची होती, त्याच्या हाताने.

तो बिनपट्ट्याचीला ओलांडून पट्टेवालीकडे गेला.

"अरे, निकाल तिकडे लागला ना?"

"हिच्यावर," मुकुल म्हणाला.

वेग खालीवर करायची सोय दोघींनाही नव्हती. विनीतदाच्या मते ती वरातीत गाणी लावणाऱ्या पोरांची सोय. बिनपट्ट्याचीला बोट लावलं असतं तर तिने बोटाशी भांडून आपले अठ्ठ्याहत्तर राखले असते. पट्टेवाली ऐकते. ती दबते. हाच तिचा दोष म्हणून त्याने सांगितला होता.

रुंद सुई टेकली. खरखर, मग घरघर, मग ती कोवळी मुलगी गायला लागली. उमाआत्याने डोळे मिटले. मुकुलने तर्जनी जड तबकाच्या कडेला टेकवली.

"बोट लागतंय तुझं!" विनीतदा अर्धा उठला.

स्वर घसरला. आधी नुसता बेसूर, एखादा माणूस पायरी चुकल्यासारखा. मित्रांपैकी एकजण हसला. मुकुलने दाब वाढवला. आता खोलीत दोन घरघरी होत्या, एक स्पीकरमधून आणि एक खिडकीतून, आणि त्या एकमेकींवर आपटून डोलत होत्या, वॉव-वॉव-वॉव, भरभर. त्याने अजून दाबलं. डोल सावकाश झाला. अजून सावकाश. दोन लाटा जशा एकमेकींच्या पाठीवर चढता-चढता एकच होतात तसं ते लांबत गेलं, आणि थांबलं. एकच घरघर उरली. गिरगाव आणि नाचणे. जुळलं. आणि त्या क्षणी मुकुलला आनंद झाला, शुद्ध, प्रयोगशाळेतला, आकडा आला की होतो तसा. आणि तो आनंद झाला ह्याची त्याला जी लाज वाटली तिच्यापुढे आधीच्या सगळ्या लाजा किरकोळ होत्या. बोट थरथरून चालणार नव्हतं. त्वचा तापत होती. गाणारी बाई आता मोठी झाली होती. आवाज रुंद होता, जड, घागरीतून आल्यासारखा. कुठेही घाई नव्हती. तिला सगळं कळत होतं. आपण काय मागे ठेवून आलो आहोत हे माहीत असलेल्या बाईचा तो आवाज होता.

उमाआत्या गायला लागली. डोळे मिटलेलेच. आधी ओठांतल्या ओठांत, मग उघड. तोच रुंद, जुना, फाटका आवाज, त्याच पट्टीत, एकही शब्द न शोधता. उर्वी तिच्याकडे बघत राहिली. विनीतदा हळूच खाली बसला. कडव्याच्या मधे थराची एक कपची उडाली, सुईने टक् केलं, दोघी तिथेही चुकल्या नाहीत, पुढे गेल्या. मग गाणं संपलं. मुकुलने बोट उचललं आणि तबक मोकळं होऊन वेगाने फिरलं, रिकाम्या चरीतली घरघर वर चढली.

कोणीतरी सुई उचलायला हवी होती. शेवटी उर्वीने उचलली.

"ही आई," उमाआत्या म्हणाली. डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते. ती खिडकीबाहेर बघत होती. "रबर झिजलं नव्हतं तर."

"नाही."

"अप्पांनी घासलं होतं."

"हो."

"तुला केव्हा कळलं?"

"आत्ता. येताना. रस्त्यावर." तो थांबला. इथेच थांबलं तरी चाललं असतं. हे खरं होतं आणि पुरेसं होतं. "पण रबराने वेग बदलत नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, आत्या."

विनीतदाने त्याच्याकडे पाहिलं. प्रथमच असं पाहिलं, आणि मग बूट कुठे आहेत ते शोधत असल्यासारखा जमिनीकडे बघायला लागला. मित्र उठायच्या बेतात होते. उमाआत्या मात्र रागावली नव्हती. वर्गात मुलाने उत्तर बरोबर आणून रीत चोरलेली असावी तशी ती त्याच्याकडे बघत होती, कंटाळून, थोडी कीव येऊन.

"मला वाटलं, ती पोर होती म्हणून गेली," ती म्हणाली. "तिला काही कळत नव्हतं म्हणून. चांगली बसवली होती रे मी तिला. उर्वीच्या शेजारी. रोज बोलत होते." तिने अभ्रा उचलला, त्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, मग परत उलगडला, कारण तबकडी अजून तबकावरच होती. "आता त्या पोरीला कुठे नेऊन ठेवू? चिपळूणला, मामाकडे?"

मुकुलने तर्जनी मुठीत धरली होती. ती अजून भाजत होती. खिडकी उघडीच होती.